आप्पांसकट घेतलेलं माप

"खुर्चीला कव्हर शिवायला लागतं काय? दोन हात आणि थोडी अक्कल!" सूनबाईंनी फोनवर नणंदेला ठणकावून सांगितलं. त्या वेळी त्यांच्याकडे दोन हात नक्की होते.

नणंद शिवणाचे क्लास घ्यायची. सासूबाईंच्या मागे राहिलेलं शिलाई मशीन सूनबाईंकडे होतं आणि त्यावर आजवर फक्त इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढला होता. ते धूळ खातंय, रविवारी येऊन घेऊन जाते, असं नणंदेने जाहीर केलं. पण सासूबाईंनी पोटच्या लेकीला सोडून ते सूनबाईंच्या हाती दिलं होतं. ते घरातून जाणं त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून पैज ठरली. नणंदेने रविवारी आधी शिवण बघावं, पसंत नाही पडलं तर मशीन खुशाल उचलावं.

खुर्ची निवडली सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची. दारातून शिरताच समोर दिसणारी आणि विटून विटून मूळ रंग विसरलेली. अडचण एवढीच की तिच्यात आप्पा होते. नोकरीतून निवृत्त झाल्या दिवशी ते तिच्यात बसले, ते झोप, जेवण आणि आंघोळ सोडली तर उठलेच नव्हते. डॉक्टर चालायला सांगत. आप्पा डॉक्टर बदलत.

सूनबाई टेप घेऊन आल्या आणि जरा उठता का, म्हणून विचारलं. आप्पांनी पेपरातून डोकं वर न काढता, माप खुर्चीचं हवंय तर मी कशाला उठू, असा सवाल केला. मोठ्यांना एकच गोष्ट दोनदा सांगणं सूनबाईंच्या वळणात नव्हतं. त्यांनी टेप तशीच फिरवली. जिथे खुर्ची लागली तिथे खुर्ची मोजली, जिथे आप्पा लागले तिथे आप्पा.

मग मशीन घरघरू लागलं. नाचता येईना अंगण वाकडं, या न्यायाने सुईला, दोऱ्याला, दिव्याला आणि नवऱ्याला यथेच्छ बोलणी बसली. पण कव्हर झालं.

रविवारी सकाळी आप्पा आंघोळीला गेले तसं सूनबाईंनी ते खुर्चीवर चढवलं आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मधोमध कापडाचं एक गरगरीत पोट सुटलं होतं. खाली दोन गुडघे लोंबत होते. आप्पा न्हाणीघरात होते, तरी खुर्चीत आप्पा बसलेले दिसत होते.

उसवायला वेळ नव्हता. नणंदेची गाडी कोपऱ्यावर आल्याचा फोन झाला होता. सूनबाईंनी टाचण्यांची डबी घेतली, सगळा घोळ आत दुमडला आणि पाठीला, बैठकीला, जिथे हात पोचेल तिथे टाचण्या खुपसल्या. कव्हर असं चापूनचोपून बसलं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. आज आप्पांना स्वयंपाकघरातच चहा द्यायचा, असं ठरवून त्या आधण ठेवायला वळल्या.

तेवढ्यात आप्पा आंघोळ उरकून सवयीने आले आणि सवयीनेच बसले.

ते कसे उठले हे सूनबाईंनी पाहिलं नाही. त्यांनी फक्त दार उघडल्याचा आवाज ऐकला. बाहेर नणंद उभी होती आणि दारात साक्षात वडील! आयुष्यात प्रथमच त्यांनी तिला दार उघडलं होतं. तिचे डोळे भरून आले. पाय जरा मोकळे करावेसे वाटले, असं आप्पा म्हणाले आणि सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की तिने जमीन न्याहाळायला घेतली.

त्यानंतर आप्पा दोनदा विसरून बसले आणि दोनदा उठून घरभर फिरले. दुसऱ्या खेपेला तर खाली जाऊन दूध घेऊन आले. लेकीने तोंडात बोटं घातली. मग तिची नजर खुर्चीवर गेली. कापड बरं निवडलंस, म्हणत ती टेकणार, तोच सूनबाई कळवळून म्हणाल्या, "ताई, तिथे नको!"

ताई बसल्या. ताई उठल्या.

नणंदेने खाली वाकून कव्हरची कड उलटली. एक टाचणी काढली, दुसरी काढली, आणि बैठकीतून वडिलांचं पोट हळूच बाहेर आलं. क्लासमधल्या नापास मुलींकडे बघावं तसं तिने वहिनीकडे पाहिलं. सूनबाईंनी मनातल्या मनात मशीनला निरोप दिला. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायलाही त्यांना सुचलं नाही.

नणंदेने वडिलांकडे पाहिलं. ते अजून उभेच होते, आणि गाल चांगले लालबुंद दिसत होते.

"मशीन राहू दे तुझ्याकडे," ती शेवटी म्हणाली.

सूनबाईंचा कानांवर विश्वास बसेना. "म्हणजे शिवण पसंत पडलं?"

"शिवणाचं नाव काढू नकोस. आमचे हेही असेच सोफ्यातून हलत नाहीत. त्यांना एक कव्हर करून दे." तिने काढलेल्या दोन्ही टाचण्या वहिनीच्या हातावर ठेवल्या. "आणि शिलाई कमी घातलीस तरी चालेल."