कूपनवाले माणिककाका

आमच्या इमारतीतले माणिककाका कुपनाला पंच मारतात. पंच म्हणजे खरोखरचा पंच, बसचा कंडक्टर तिकिटाला मारायचा तो. चहापत्तीच्या पुड्यातलं कूपन असो, पेपरातून आलेलं असो, की औसा रोडवरच्या नव्या मार्टनं बिलाच्या पाठीमागं छापलेलं असो, काकांच्या हातात पडलं की 'कट्' असा आवाज येतो आणि त्या कागदाला भोक पडतं.

काकांनी जन्मभर लातूर-मुरुड आणि लातूर-नांदेड अशी लाल गाडीवर कंडक्टरकी केली. रिटायर होताना पंच परत करावा लागला, तर या गृहस्थांनी जुन्या बाजारातून दुसरा विकत आणला! मी विचारलं, "काका, आता कुणाची तिकिटं तपासणार?" तर म्हणाले, "हात शिवशिवतो, बाई." मी शाळेत शिकवते, म्हणून आख्खी इमारत मला बाई म्हणते. माझी जीभ जरा तिखट आहे, तेही इमारतीला माहीत आहे.

चार वर्षं तो पंच टीव्हीशेजारी नुसता पडून होता. गेल्या दिवाळीनंतर कामाला लागला. झालं असं, की काकांचा मुलगा बालाजी बायको-लेकीला घेऊन पुण्याहून परत आला. तिथली कंपनी बंद पडली. आता घरात खाणारी माणसं पाच आणि येणारी पेन्शन एका कंडक्टरची. ती किती असते ते कंडक्टरच्या बायकोलाच विचारा. बालाजीला दुसरं काम लागेपर्यंत घर कसं रेटायचं, हा खरा प्रश्न. काकांनी तो कधी तोंडातून काढला नाही. ते कुपनांच्या नादाला लागले. आणि मी शहाणी! मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ.

काकांचा पंच उगाच पडत नाही बरं. आधी काकूंनी यादी सांगायची. यादीतल्या वस्तूचं कूपन असेल तर काका गंजगोलाईच्या बाजारात जाऊन त्या वस्तूचा भाव विचारून येतात. कुपनासकट मार्टातला भाव गोलाईपेक्षा कमी निघाला, तरच 'कट्'. नाहीतर कूपन केराच्या टोपलीत. "आधी गरज, मग कूपन," हे त्यांचं पालुपद. "उलटं केलं की घर बसलं म्हणून समजा." कुपनावर शेवटची तारीख असते, तिला ते मुद्दत म्हणतात. आमच्या घरातल्या चहापत्तीच्या कुपनाची मुद्दत कधी संपते हे मला माहीत नसतं, त्यांना असतं.

एकदा एकावर एक फुकट म्हणून मी मेयोनीजच्या दोन बाटल्या आणल्या. काकांनी जिन्यातच गाठलं.

"हे काय हाय?"

"मेयोनीज."

"कशाला लावतेत?"

"सँडविचला."

"तुमच्या घरी सँडविच कोण खाऊन राहिलंय?"

मी विचार केला. आमच्याकडं सँडविच कुणीच खात नव्हतं. आमचे हे तर ब्रेड पाहिला की 'आजारी कोण आहे' असं विचारतात.

"म्हंजे एक फुकट भेटली म्हणून दोन आणल्या, अन् लागत तर एक बी न्हवती," काका म्हणाले. "बाई, शिकलेली माणसं तुम्ही!" आणि वर गेले. मला असा राग आला म्हणून सांगू! त्या बाटल्या मी फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागं लपवून ठेवल्या.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मार्टात घोळ घातला. जुन्या सवयीनं सगळ्या कुपनांना मधोमध पंच मारून नेले, आणि मधोमध होता तो काळ्या रेघांचा पट्टा. काउंटरवरच्या मुलीचं मशीन काही केल्या कूपन वाचेना. नेमकी मी मागं रांगेत.

"काका, याला भोक कुणी पाडलं?" मुलीनं विचारलं.

"मी."

"का?"

"तपासलं म्हणून."

हसावं की रडावं ते त्या मुलीला कळेना. आठ कुपनं, आठही बाद. रांगेतले लोक म्हणू लागले, जाऊ द्या की ताई, म्हातारं माणूस आहे, घ्या चालवून. तर काका त्यांच्यावरच उखडले. "चूक माझी हाय. तिच्या पगारातून कापायला लावता का?" पिशवीतून साबण काढला, चहापत्ती काढली, शेंगदाण्याची पुडी काढली, आणि गहू-तेल तेवढं घेऊन निघाले. मी म्हटलं, "अहो, मी देते आत्ता." "नगं, नगं. पुढल्या बारीला." तेव्हापासून पंच कुपनाच्या कोपऱ्यात पडू लागला.

पुढं एकदा उलटं झालं. मशीननं एकाच कुपनाची सूट दोनदा धरली. काकांना घरी आल्यावर बिल वाचताना ते कळलं. भर उन्हात परत गेले. मॅनेजर म्हणाला, राहू द्या हो आजोबा. "राहू कसं द्या? एका तिकिटावर दोन माणसं मी कधी नेली न्हाईत!" तो बिचारा पैसे घेऊन मोकळा झाला.

अशी ही वल्ली. इमारतीत त्यांची चेष्टा करायची म्हणजे आम्हाला हक्काची करमणूक, आणि त्यात सगळ्यात पुढं मी.

एका रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण खाली ओट्यावर बसलो होतो. बालाजी गाडी पुसत होता. काका हातात कुपनांची चळत घेऊन आले आणि मला म्हणाले, "बाई, तुमची यादी द्या. दोन घरचं मिळून बिल केलं तर मोठं कूपन चालतंय." मी नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, "काय हो काका, पेन्शन पुरत नाही की काय?"

सगळे हसले. काका सगळ्यात मोठ्यानं हसले. बालाजीचा हात मात्र थांबला. त्यानं फडकं सीटवर टाकलं आणि वर निघून गेला.

दुपारी काका आमच्या दारात. चहा नको म्हणाले, बसले नाहीत.

"बाई, एक सांगू का? मला येडं म्हणा. कंजूष म्हणा, म्हातारं चळलंय म्हणा. हौसेनं म्हणा. पण पैसे पुरत न्हाईत, एवढं तेवढं पोरासमोर म्हणू नका."

मी खुर्ची पुढं सरकवली. काका उभ्यानंच बोलत राहिले.

"आल्यापासून त्यो भाकरी मोजून खाऊन राहिला होता. तीन खाणारा गडी दीडवर उठायचा. म्हणायचा, भूक न्हाई. भूक न्हाई कशी? बाप हाय मी, कळत न्हाई व्हय? मग म्हणलं, आपणच येड्यावानी करावं. साबण का आला न्हाई? कूपन गुरुवारी निघतंय. तेल अर्धंच का? मोठ्या डब्यावर सूट न्हाई. पोराला वाटतं, बापाला नाद लागलाय. बापावर चिडतंय, पण पोटभर जेवतंय." मग जरा हसले. "अन् फायदा बी होतो, खोटं कशाला बोलू?"

ते गेले आणि मी दार लावून तिथंच उभी राहिले. मला माझीच लाज वाटली. भाषा शिकवते मी, आणि कुणासमोर काय बोलावं एवढं मला कळू नये!

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना जिन्यात चांगलं मोठ्यानं कंजूष म्हणू लागले. "काय हो कंजूषकाका, आज कशाचं कूपन?" बालाजीला आतपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं. काका तितक्याच मोठ्यानं ओरडायचे, "तुम्हाला न्हाई कळायचं, बाई!" आमचं छान जमलं होतं. आठवडे गेले, महिने गेले. बालाजी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि संध्याकाळी परतला की जिन्यात कुणाकडं बघायचा नाही. काकूंनी देवाला काय काय बोलून ठेवलं होतं देव जाणे.

शेवटी जूनमध्ये त्याला एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये सुपरवायझरचं काम लागलं. पुण्याएवढा पगार नाही, पण काम पक्कं.

त्याचा पहिला पगार झाला त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून येत होते, तर जिन्यात ही गर्दी! मधोमध माणिककाका, काखेत पंधरा किलोचा करडई तेलाचा डबा. या वयात तो डबा घेऊन त्यांनी तीन मजले पालथे घातले होते. घाम निथळत होता, पण डबा खाली ठेवायला तयार नाहीत.

"बघा बाई, पोरानं आणलाय! पुऱ्या भावानं! एक रुपया सूट न्हाई घेतली!"

जन्मात कुणी इतक्या आनंदानं महाग तेल मिरवलं नसेल. वरून काकू ओरडत होत्या, "अहो, कंबर धरंल, आणा तो डबा घरात!" बालाजी दारात उभा होता, लाजत होता, हसत होता. कित्येक महिन्यांनी त्यानं माझ्याकडं नीट बघितलं.

गर्दी पांगल्यावर मी हळूच विचारलं, "काका, या तेलाचं कूपन नव्हतं का निघालं?"

काकांनी एकदा दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"होतं की. खिशातच होतं. रविवारपतूर मुद्दत हाय."

"मग सांगितलं नाहीत त्याला?"

"दुकानात जाताना इचारलं त्यानं, 'बाबा, कूपन हाय का?' म्हणून," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "म्हणलं, न्हाई रे बाबा. देऊन ये पुरा भाव."