घोरणाऱ्यांना लाल पट्टी

दुपारची जेवणं उरकल्यावर अपघात विभागाच्या मागच्या हॉलमध्ये खोटे रुग्ण ओळीने निजवले गेले आणि तंद्रीची शेवटची परीक्षा सुरू झाली.

तंद्री हे नाव तिला नर्सिंगच्या वर्गाने ठेवलं होतं. तास चालू असताना ती हळूच खिडकीबाहेर निघून जायची, शरीर तेवढं बाकावर राहायचं. यापायी ती दोनदा नापास झाली होती. आज पुन्हा नापास झाली तर थेट कपड्यांच्या भांडारात जाऊन चादरींच्या घड्या घालायच्या, असं ट्यूटर मॅडमनी बजावलं होतं. आणि तिला तर अपघात विभागच हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

काम ऐकायला सोपं होतं. रुग्ण पाहायचा आणि मनगटाला पट्टी बांधायची. चालतोय त्याला हिरवी, पडून आहे पण हाकेला ओ देतोय त्याला पिवळी, ओ देत नाही त्याला लाल. "आणि बेशुद्ध माणूस घोरतोय म्हणजे मजेत झोपलाय असं समजू नका," मॅडम दर तासाला सांगायच्या. "जीभ मागे पडलेली असते, श्वास अडत असतो. घोरणारा लाल म्हणजे लाल!" सरावात चिमटा काढायला मात्र बंदी होती, कारण मागच्या खेपेला कॅन्टीनच्या आचाऱ्याचा दंड काळानिळा झाला होता. तेव्हापासून चिमटा नुसता तोंडाने सांगायचा.

आज आचारी पुन्हा हजर होता. शेजारी लिफ्टमन, त्याची बायको, आणि तंद्रीची आत्या. आत्याला तापाचा रुग्ण व्हायचं होतं.

"काय होतंय?" तंद्रीने विचारलं.

"अंग मोडून आलंय गं. आणि ही गादी काय छान आहे!"

"आत्या, दुखण्याबद्दल बोल."

"दुखतंय, दुखतंय," आत्या समाधानाने म्हणाली. तिला पिवळी पट्टी मिळाली.

पडद्यांतून गाळून आलेला पिवळट उजेड भिंतीवर हलत होता. पंखा आपल्याच नादात फिरत होता. सगळा हॉल पाण्याखाली गेल्यासारखा संथ झाला होता. तंद्रीलाही पावलं जमिनीला टेकत नाहीत असं वाटू लागलं. तिने स्वतःच्याच हाताला करकचून चिमटा काढला. स्वतःला काढायची बंदी नव्हती.

दुसऱ्या फेरीला ती लिफ्टमनपाशी आली. "काका, ऐकू येतंय का?" काका गप्प. "चिमटा काढला," तिने नियमाप्रमाणे जाहीर केलं. काका घोरले. तिने हनुवटी वर उचलून धरली आणि लाल पट्टी बांधली. त्यांची बायकोही ओ देईना. तिलाही लाल.

मग ती आत्याकडे वळली. मघाशी घडाघडा बोलणारी आत्या आता तोंड उघडं टाकून घर्रर्र करत होती.

"आत्या! अगं आत्या! चिमटा काढला!"

आत्या झोपेत गोड हसली. शुद्ध हरपलेली माणसं भ्रमात हसतात, हेही मॅडमनीच शिकवलं होतं.

आचारीही लाल निघाला. मघाशी बोलणारी सगळी माणसं एका दमात बेशुद्ध? तंद्रीचं डोकं भराभर चालू लागलं. सगळ्यांनी जेवण एकच घेतलं होतं. म्हणजे विषबाधा! ती मॅडमना सांगायला धावली. मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत मान टाकून घोरत होत्या. जेवायला त्याही होत्याच. तंद्रीने त्यांनाही लाल पट्टी बांधली आणि भिंतीवरची खरीखुरी घंटा दाबली.

डॉक्टर सलाइनची गाडी ढकलत धावत आले. त्यांना सरावाचे नियम ठाऊक नव्हते. त्यांनी आचाऱ्याचा दंड धरून सणसणीत चिमटा काढला.

"मेलो!" आचारी ताडकन उठला. "पुन्हा तोच दंड!"

ओरडा ऐकून सगळे लाल रुग्ण डोळे चोळत उठून बसले. तंद्रीचं रडू फुटायच्या बेतात होतं. चादरींचे ढीग तिला समोर दिसू लागले.

डॉक्टर मॅडमकडे वळले. "मॅडम, परीक्षा चालू असताना तुम्ही झोपला होतात?"

मॅडमनी मनगटावरची लाल पट्टी पाहिली, विद्यार्थिनीकडे पाहिलं, आणि पदर सावरला. "छे! झोपेन कशी? बेशुद्ध होते. परीक्षेचाच भाग होता तो."

"म्हणजे हिने बरोबर ओळखलं?"

मॅडमनी मान डोलावली. "अगदी बरोबर. पास आहे ती."

"मग बाकीचे उठले, घरी जाऊ देत," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पण तुम्ही स्वतःच ‘बेशुद्ध होते’ म्हणताय, आणि तुमचं वय पाहता मी असं सोडणार नाही. संध्याकाळपर्यंत सलाइन. सिस्टर, यांच्याजवळ बसा. डोळा लागू देऊ नका."

सिस्टर म्हणजे आपणच, हे तंद्रीला जरा उशिराच उमगलं. उमगलं तेव्हा तिला आनंदाने भरून आलं.

सुई टोचताना मॅडमनी हूं की चूं केलं नाही. डॉक्टर गेल्यावर मात्र कुजबुजल्या, "अगं, मला नुसती झोप लागली होती."

"कळलं होतं मॅडम, आचारी ओरडला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"रुग्ण स्वतः सांगतो ते आधी खरं धरायचं असतं ना."

मॅडमनी हताश होऊन डोळे मिटले.

"मॅडम," सिस्टर म्हणाली, "डोळे उघडे ठेवा. चिमट्याची बंदी फक्त सरावात आहे."