गायकवाड सरांच्या पुड्या

आमच्या कात्रजच्या सोसायटीत कोणी नवे बूट घेतले, की ते पायात चढायच्या आत तिसऱ्या मजल्यावरचे गायकवाड सर दारात हजर. अभिनंदन वगैरे नाही. "खोक्यातली पुडी द्या." ओलावा शोषणारी, 'खाऊ नये' असं बजावणारी ती चिमुकली पुडी खिशात घालून गृहस्थ चालू लागतो. स्वतःच्या घरी मात्र त्यांनी कधी कोणाला चहा पाजलेला नाही.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. आता वर्ग आमचा भरतो. मला पित्त झालं, तर म्हणाले, "अहो, गोळी गिळता काय? चावा! पृष्ठभाग वाढला की क्रिया वेगात होते." माझ्या पित्ताचं खरं कारण समोरच बसलं होतं, पण सांगणार कोण?

मे महिन्यात पाण्याच्या टँकरवरून सभेत हमरीतुमरी झाली. सर उठले. "एवढ्याशा खोलीत चाळीस माणसं. संहती वाढली की टकरी वाढणारच. त्यात हे तापमान. आणि उत्प्रेरक," इथे माझ्याकडे रोखून बघत, "क्रिया भडकवतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो." सगळे हसले. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ते मी विसरलो नाही.

पार्किंगच्या कोपऱ्यात सरांचं काहीतरी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होतं. मी नोटीस लावली: रविवारी अडगळ भंगारात जाईल. रविवारी भंगारवाल्याला बरोबर घेऊन मोठ्या हौसेनं ताडपत्री ओढली.

आत लेडीज सायकल. कोरी करकरीत, तेलानं चमकणारी. सीटखाली, हँडलला, चाकांच्या तारांना सगळीकडे त्या पुड्या बांधलेल्या.

सर बनियनवरच जिना उतरून आले. एवढा खालचा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "प्राचीची आहे. माझ्या मुलीची. तिच्या लग्नाला मी नाही म्हणालो, तर घर सोडून गेली. अकरा वर्षं झाली. आली तर चालवता यायला हवी ना?"

त्यांनी ताडपत्री पुन्हा घातली, कडा नीट दाबल्या. "गंज थांबवता येत नाही हो. वेग तेवढा कमी करता येतो."

भंगारवाल्याला परत पाठवलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. संध्याकाळी गरज नसताना बूट घेतले आणि खोकं न उघडताच सरांची बेल वाजवली.

त्यांनी पुडी काढून घेतली, बूट माझ्या हातात दिले. "रंग भिकार आहे," म्हणाले.

मग दारातून बाजूला सरकले. "या. चहा टाकतो."