दृश्यातील घटक क्रमांक नऊ

आमच्या वनछाया वसाहतीत बावीस बंगले आहेत आणि बाविसांनाही बाल्कनी आहे. बाल्कनीसमोर हेटीटोल्याचा मालगुजारांच्या काळातला मामा तलाव, तलावापलीकडे धानाच्या बांद्या म्हणजे भातखाचरे, मग गावाचे माळरान आणि शेवटी डोंगर. हे सर्व बंगल्याच्या किमतीत धरलेले आहे. सबब, त्या माळरानावर चाळीस एकरांत सौर प्रकल्प येणार असल्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली, तेव्हा वसाहतीची तातडीची सभा घेणे भाग पडले. मी वसाहतीचा मानद सचिव. बांधकाम खात्यातून निवृत्त झालो तरी इतिवृत्त लिहायची सवय सुटलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सौरऊर्जेला आमचा विरोध नाही, हे सभेने प्रथम एकमताने मंजूर केले. आमच्या प्रत्येक छपरावर पाणी तापवण्याचे सौर यंत्र आहे. अध्यक्ष रंजीताबाई तर पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर शाळाशाळांतून व्याख्याने देतात. "सूर्य सगळीकडे आहे," त्या म्हणाल्या, "मग प्रकल्प आपल्यासमोरच कशाला? सिरोंच्याला न्या. तिथे ऊनही जास्त आहे." सिरोंच्यात आमच्यापैकी कोणाची बाल्कनी नसल्याने हाही ठराव एकमताने झाला आणि हरकतीचा अर्ज द्यायचे ठरले.

सभा उठता उठता लटारू आणि त्याची बायको वच्छला न बोलावता आली. लटारूची बांदी तलावाला लागून आहे आणि वसाहतीला दूधही तोच घालतो.

"सायब, तो अर्ज नोका देऊ," लटारू म्हणाला. "त्या काचा लागल्या तं आमच्या मोटरले दिवसा लाइन भेटते म्हन्ते. आता राती बाराले येते अन् चारले जाते. उन्हाळी धान हाय, पाणी तं द्याच लागते."

"मग द्या ना," रंजीताबाई म्हणाल्या. "रात्री गारवाही असतो."

"गारवा हाय बाई, पन वाघबी हाय," वच्छला म्हणाली. "मांगच्या साली जंगूभाऊले मोटरपासूनच नेलं. हा थाळी वाजवत जाते. थाळी आयकू आली तं मी जागी, नाई आली तरी जागीच."

मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण वाघ आमच्या लेटरहेडवर आहे आणि वाघ दिसतो म्हणूनच बहुतेकांनी इथे बंगले घेतले आहेत. लटारूला चहा देण्यात आला. रात्रीच्या थाळीच्या आवाजाबद्दल दोन बंगल्यांची तक्रार प्रलंबित होती, तीही त्याच बैठकीत त्याच्या कानावर घालून निकाली काढली.

मग आम्ही मोबाईलवरून सह्या मागवल्या. 'डोंगर वाचवा, एक बोट पुरे' असे आवाहन होते. दोन दिवसांत अकरा हजार सह्या आल्या. कोणता डोंगर, हे कोणीही विचारले नाही. समाजात अजून एवढा विश्वास शिल्लक आहे हे पाहून मला भरून आले.

हरकतीच्या नमुन्यात नुकसानीचे प्रकार छापलेले होते: शेती, विहीर, घर, झाड. आम्ही हाताने 'दृश्य' असे लिहिले. नायब तहसीलदारांनी नमुना उलटसुलट पाहिला. "नुकसान म्हटलं म्हणजे पंचनामा आला," ते म्हणाले. "अजून झालेलं नाही, पण आधीच करून ठेवलेला बरा."

त्याप्रमाणे तलाठ्याने रंजीताबाईंच्या बाल्कनीत बसून दृश्याचा पंचनामा केला. चतुःसीमा: पूर्वेस डोंगर, पश्चिमेस बाल्कनीचा कठडा, उत्तरेस क्षितिज, दक्षिणेस वसाहतीची पाण्याची टाकी. आतील घटक: तलाव, एक. बगळे, अंदाजे चौदा, पैकी एक पंचनाम्यादरम्यान उडाला. बैलजोडी, एक. आणि घटक क्रमांक नऊ: शेतकरी, एक, वाकलेला. पंच म्हणून आम्हीच सह्या केल्या.

सुनावणीला लटारू प्रकल्पाच्या बाजूने बोलायला उभा राहिला. नायब तहसीलदारांनी पंचनाम्यावर बोट ठेवले.

"हा वाकलेला शेतकरी तूच का?"

"हाव, मीच."

"मग तुझा जबाब घेता येत नाही. पंचनाम्यातल्या घटकाचा जबाब घेतल्याचं उदाहरण नाही. आज तुझा घेतला, तर उद्या बगळे येतील."

"बगळ्याले मोटर नसते, सायब," लटारू म्हणाला. हे वाक्य नोंदीतून वगळण्यात आले. शिवाय निर्णय होईपर्यंत घटकांत बदल करू नये असा आदेश निघाला. लटारूने नुकतीच गोठ्यावर टाकलेली निळी टिनं उतरवून पुन्हा मातीचे जुने कवेलू चढवले.

शेवटी सरकारला उन्हालाही नाही म्हणता येईना आणि आम्हालाही. प्रकल्प मंजूर झाला, परंतु तो कोणत्याही बाल्कनीतून दिसू नये या अटीवर. तोडगा वडशाला सापडला. तिथून झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या हिवाळाभर गावोगाव जातात, आणि त्यांचे पडदे रंगवणारे मुखरू पेंटर उन्हाळ्यात मोकळे असतात. त्यांनी प्रकल्पापुढे चाळीस फूट उंच जंगलाचा पडदा उभा केला. पहिले चार दिवस जंगल वाळले नव्हते, म्हणून राजदरबाराचा पडदा लावला होता. बंगला क्रमांक पाचने तोच कायम ठेवावा असे लेखी कळवले.

तरीही रंजीताबाईंच्या वरच्या मजल्यावरून पडद्यामागच्या काचा दिसत. तेव्हा सगळ्या चाळीस एकरांवर मांडवासारखे कापड ताणले आणि मुखरू त्यावर हिरवे धान रंगवू लागले. मी देखरेखीला होतो. एके दुपारी वच्छला त्यांच्यासाठी भाकर आणि ताक घेऊन आली.

"मुखरूभाऊ, एवढं धान काढलं तं त्यात एक मानूस काढान का?"

"कोनाले काढू, बाई?"

"माह्या घरच्याले. मोटर चालू, पाणी वाहून राह्यलं, अन् डोक्यावर ऊन काढजा. चांगलं लखलखीत."

"ऊन काऊन?"

"एकडाव तं दिसू द्या त्याले दिवसा पाणी देताना."

मुखरूंनी लटारूला चांगला दोन बैलांएवढा काढला, ताठ उभा, आणि पिवळ्या रंगाचा अख्खा डबा उन्हावर संपवला. मी हरकत घेतली नाही. घटक वाकलेला असावा अशी नोंद होती, पण मीही तेवढा कठोर नाही.

उद्घाटनाला अभियंत्याने बटण दाबले आणि काहीही झाले नाही. कापडाखाली ऊन पोचत नाही, असा त्याचा तांत्रिक अहवाल आहे. मात्र 'दृश्यहानी: निरंक' या रकान्यात प्रकल्प जिल्ह्यात पहिला आला. शेतीची लाइन पूर्वीप्रमाणे रात्री बारालाच येते. वसाहतीला ती चोवीस तास असल्याने आम्ही पडद्यांवर मोठे दिवे सोडले आहेत. त्यामुळे आता रात्रीही आमच्या बाल्कनीतून लटारूच्या डोक्यावर ऊन दिसते.

परवा पहाटे थाळी ऐकू आली नाही. तक्रारदार दोन्ही बंगल्यांनी सचिवांचे आभार मानल्याचा निरोप पाठवला. दूधही आले नाही. मी बाल्कनीत गेलो. खाली बांदीत मोटर चारला लाइनीबरोबर बंद पडली होती, तरी पाणी बांधावरून वाहत होते, आणि वनरक्षक व गावकरी चिखलातले ठसे पाहत होते. वच्छला एका बाजूला हातात थाळी घेऊन उभी होती. मी सवयीने पंचनामा काढून पाहिला. तिची त्यात नोंद नाही.

घटक क्रमांक नऊ मात्र कापडावर जागच्या जागी होता. त्यामुळे दृश्यात कोणतीही घट झालेली नाही, असे तहसीलला त्याच दिवशी कळवले.

त्या सकाळी काढलेला फोटो आम्ही अकरा हजार सहीदारांना आभारादाखल पाठवला आहे. तुमच्याही मोबाईलवर आला असेल. तुम्हाला सही केल्याचे आठवत नसेल, एका बोटाचे काम होते. यादी माझ्याकडे आहे, हवा असल्यास तुमचा क्रमांक कळवतो. फोटो जरा मोठा करून पाहा. ऊन फार सुंदर आले आहे.