नवव्या मजल्यावरचा लेफ्ट बॅक

आमच्या शेजारचे मॉसी टूमी खाली पडलेली वस्तू हातानं उचलत नाहीत. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्याच दिवशी लिफ्टसमोर माझी पिशवी फाटली आणि लिटिल इंडियातून आणलेले कांदे चहूकडे धावले. तिथे एक उंच, लालबुंद, नव्वदी ओलांडलेले गृहस्थ दोन्ही हात पाठीशी बांधून उभे होते. त्यांनी डाव्या पायानं एक कांदा अडवला, मग दुसरा, आणि अलगद माझ्याकडे ढकलला.

“थँक्यू अंकल,” मी म्हणालो.

“थँक्यू काय? पास दिलाय, घे ना,” ते म्हणाले. “हात फक्त गोलकीपरला असतात. बाकीच्यांना देवानं ते तोल सांभाळायला दिलेत.”

मॉसी म्हणजे मॉरिस. आयर्लंडच्या दक्षिणेला लाडानं असं म्हणतात म्हणे. पण पुण्याहून आलेल्या माझ्या आईला ते ‘मौसी’ असं ऐकू आलं. शेजारी एक मौसी राहतात, आपल्याला सोबत झाली, म्हणून ती लाडूंची वाटी घेऊन गेली आणि दारात हा सहाफुटी माणूस बघून तशीच परत आली. नंतर मी सगळं समजावलं, तरी ती त्यांना मौसीच म्हणते. त्यांची काही तक्रार नाही. त्यांनी तरी माझ्या मकरंद या नावाचं कुठं काय शिल्लक ठेवलंय? “मॅक,” पहिल्या आठवड्यातच ते म्हणाले, “आमच्याकडं निम्मी आडनावं मॅकनंच सुरू होतात. अर्धा आयरिश तू आधीच आहेस.”

इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांनी संघात जागा दिली आहे. माझी बायको सायली सेंटर हाफ, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. आई आल्या आल्या गोलकीपर झाली. मी राखीव. “चांगला राखीव हं,” ते माझी समजूत घालतात, “पण राखीव.” लिफ्टमधली माणसं बाहेर पडायच्या आत कुणी घुसलं की ते नुसतं हात वर करून “ऑफसाइड” म्हणतात. तो माणूस मुकाट्यानं मागे सरतो. आता आईसुद्धा हे शिकली आहे. मी ताट वाढायच्या आधी भजी उचलली की ओट्यापासून आवाज येतो, “ऑफसाइड.”

त्यांची कहाणी मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली, बहुतेक आईच्या थालीपिठावर. गळ्यात बूट अडकवून अठराव्या वर्षी बोटीनं इंग्लंडला गेले आणि उत्तरेकडच्या एका खाणगावाच्या क्लबात लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचे बचावपटू, झाले. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, वर नाडी बांधलेला. पावसात भिजला की ओल्या पोत्यासारखा जड व्हायचा. डोक्यानं मारला की कपाळावर नाडीचा ठसा उठायचा. “रविवारी चर्चमध्ये पाद्री कपाळ बघूनच ओळखायचा, काल खेळलो की नाही ते.”

गंमत म्हणजे, सांगतात ते फक्त हरलेले सामने. आयर्लंडकडून ते एकदाच खेळले. “देशासाठी मी गोल केलाय,” ते गंभीरपणे सांगतात. “कुठल्या देशासाठी, ते विचारू नकोस.” चेंडू त्यांनी स्वतःच्याच जाळ्यात मारला होता. मग गुडघा गेला. सिंगापूरच्या बंदरातल्या कामगारांच्या संघाला प्रशिक्षक हवा होता, म्हणून एका हंगामापुरते आले, लंगडतच. इथे लिन भेटली, लग्न झालं, हंगाम काही संपला नाही. मूलबाळ झालं नाही. लिन जाऊन बरीच वर्षं झाली.

“हे खरंच खेळले असतील का रे?” एकदा सायलीनं विचारलं. “सगळे सामने हरणारा माणूस इतकी वर्षं संघात कसा टिकतो?”

शंका मलाही होतीच. एका रविवारी मी त्या क्लबाचं नाव नेटवर शोधलं. तिथल्या चाहत्यांनी जुन्या चित्रफिती टाकल्या होत्या. एकीत, काही सेकंदांपुरता, पांढऱ्या चड्डीतला एक काटकुळा पोरगा मैदानाच्या मध्यापासून सुसाट धावत येतो, पुढं निसटलेल्या खेळाडूला गाठतो, त्याच्या पायातला चेंडू अलगद काढून घेतो आणि मागं न बघता निघून जातो. सुपासारखे बाहेर आलेले कान तेच होते. असे कान दोघांना असणं शक्य नाही.

मी त्यांना बोलावून आमच्या टीव्हीवर ती लावली. आईनं टाळ्या वाजवल्या. सायली म्हणाली, “अंकल, तुम्ही तर भारी खेळत होता की.” त्यांचा चहा निवून गेला. मग दारापर्यंत जाऊन ते वळले.

“मॅक, हे तुझ्या फोनवर दिसतं?”

“दिसतं ना.”

“उद्या सकाळी वेळ आहे?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. टॅक्सीत त्यांनी कोट घातला होता, सिंगापूरच्या उकाड्यात. जिथे अस्थी ठेवतात त्या इमारतीपाशी आम्ही उतरलो. लांबलचक भिंतींत छोटे छोटे संगमरवरी चौकोन, प्रत्येकावर एक फोटो. लिनचा चौकोन त्यांच्या छातीइतक्या उंचीवर होता. आखूड केसांची, हसू दाबून धरलेली बाई.

“मी हिला भेटलो ते गुडघा गेल्यावर,” ते म्हणाले. “हिनं मला कधी पळताना बघितलंच नाही. मी काही सांगायला लागलो की हसायची. इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, यू, फुटबॉलर? बससुद्धा पकडता येत नाही तुला, लाह. मग मी जिंकलेल्या सामन्यांचं सांगणंच सोडून दिलं. हरलेले मात्र तिला लगेच पटायचे.”

त्यांनी माझा फोन घेतला आणि फोटोसमोर धरला. मी बटण दाबलं. पोरगा धावत आला.

“हा मी,” फोनच्या काचेवर बोट टेकवून ते हळूच म्हणाले. “डावीकडचा. बघ कसा पळतोय.”

चित्रफीत संपली. त्यांनी फोटोकडे बघितलं. मग फोन जरासा आणखी वर धरला.

“पुन्हा लाव, मॅक,” ते म्हणाले. “पहिल्या झटक्यात ती कधीच मान्य करत नाही.”