सतरा सह्या आणि खंडेनवमी

खंडेनवमीच्या सकाळी भुजंग धावतपळत रेल्वे क्वार्टरच्या दारात आला आणि चप्पल काढता काढता थबकला. देवापुढे पाटावर हत्यारं मांडली होती. विळा, कुऱ्हाड, बायकोची शिवणकामाची कात्री, त्याचा स्वतःचा पाना. आणि या सगळ्यांच्या मधोमध, गळ्यात झेंडूची माळ घालून, त्याची हॉकी स्टिक. ती नको इतकी लख्ख चकाकत होती.

"माय, ही स्टिक धुतलीस का काय?"

"धुतली म्हंजी? घासली!" दगडाबाई म्हणाली. "कुन्या मेल्यानं सगळीकडं काळ्या रेघोट्या वढून ठिवल्या व्हत्या. निघता निघंनात. रॉकेल लावलं, राख लावली, काथ्यानं घासली, वरून करडईचं तेल चोळलं. बग, कशी नवरीवानी दिसायलीय."

भुजंग भिंतीला टेकून मटकन खाली बसला. त्या रेघोट्या म्हणजे सह्या होत्या. 'दख्खन शार्दूल' या हॉकी संघातल्या सतरा खेळाडूंच्या.

भुजंग पूर्णा स्टेशनात पॉइंट्समन होता, आणि क्रिकेटशिवाय दुसरा खेळ ठाऊक नसलेल्या त्या गावात एकटाच हॉकीवेडा होता. शाळेत असताना जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली, आणि स्पर्धेच्या दिवशीच अंगावर गोवर उठला. तेव्हापासून हॉकी त्याच्या वाट्याला आली ती दुसऱ्यांच्या सह्यांपुरतीच. रेल्वेचा पास आणि साठवलेली रजा घेऊन तो सहा वर्षं हिंडला. कुणाची सही हॉटेलच्या दारात घेतली, कुणाची दवाखान्यात, पायाला प्लास्टर चढत असताना. कप्तानाची तर त्याच्या लग्नात, आहेराच्या रांगेत उभं राहून. अठरावा तेवढा राहिला होता, गोलकीपर चेंगप्पा. गोलकीपरला पॅड सोडायलाच अर्धा तास लागतो, आणि तोवर भुजंगची परतीची गाडी सुटते.

आणि आज दुपारी तोच चेंगप्पा पूर्णेवरून जाणार होता! विमान रद्द झालं म्हणून अख्खा संघ रेल्वेने निघालाय, ही बातमी ड्यूटीवर कानावर आली होती. इंजिन बदलायला गाडी पूर्णेला वीस मिनिटं थांबते. आयुष्यात नशिबाने एकदाच त्याच्या दारावर थाप मारली होती, आणि आईने नेमकं तेव्हाच रॉकेल काढलं होतं.

"सहा वर्सं, माय! सहा वर्सं..." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"मंग सांगायचं न्हाई का? तुजा पाना बी घासला, तवा न्हाई बोंबललास."

"आवो, रडायलाव कामून?" राजेश्री स्वयंपाकघरातून म्हणाली. "सगळी टीमच यायलीय ना? एकाची घ्यायची, तर अठरांची घ्या. सहा वर्सांचं काम वीस मिन्टांत व्हईल."

आपली बायको इतकी हुशार आहे, हे भुजंगला लग्नाच्या बाराव्या वर्षी समजलं. तो ताडकन उठला, स्टिककडे हात नेला, तोच हातावर चापट बसली.

"खबरदार! पुजलेल्या हत्याराला उद्या शिलंगणापस्तोर हात लावायचा न्हाई. तुज्या आज्यानं नवमीला कुऱ्हाड उचल्ली, अन् आठ दिवसांत बैल लंगडा झाला."

"माय, ही काय कुऱ्हाड हाय का? खेळायचं हाय ते!"

"तिनं मारतेत का न्हाई?"

"बॉलला मारतेत."

"मंग हत्यारच की."

तासभर विनवण्या झाल्यावर कुठे तोडगा निघाला: जिने पुजली तिनेच उचलायची, माळ काढायची नाही, आणि सोबत पूजेचं ताट हवंच.

अशी वरात स्टेशनात शिरली. पुढे खिशात जाड मार्कर खोचलेला भुजंग, मागे पदरावर आडवी स्टिक घेतलेली दगडाबाई, तिच्यामागे ताट सांभाळत राजेश्री. गंगाखेडला निघालेल्या दोन बायकांनी वाकून नमस्कार केला.

"कुठला देव हाय बाई?"

"हॉकी," दगडाबाई म्हणाली.

गाडी आली. डबा नेमका फलाटाच्या पार टोकाला लागला, आणि पुजलेलं हत्यार घेऊन पळायचं नसतं म्हणून दगडाबाई चालतच गेली. त्यात सात मिनिटं संपली. दारात सहा फुटी चेंगप्पा पाय मोकळे करत उभा होता. भुजंगने आठवडाभर पाठ केल्यासारखं हिंदी वाक्य तोंडात जुळवलं, मार्करचं टोपण काढलं, पण चेंगप्पाचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो स्टिककडे पाहत होता. मग त्याने बूट काढले.

"आयुधपूजा!" तो म्हणाला. "माँजी, हमारे कोडगू में भी आज यही करते हैं. इस साल सफर में मेरी पूजा छूट गयी थी."

त्याने स्टिकवर डोकं टेकवलं. दगडाबाईने कुंकू लावलं, हातावर खोबरं-साखर ठेवली. त्याने आत हाक मारली आणि एकामागून एक सगळे उतरले. ज्यांना गाठायला सहा वर्षं लागली, ते अठराही जण भुजंगपुढे अनवाणी रांगेत उभे राहिले. त्याने मार्कर पुढे केला.

"सर, इस पे साइन..."

"पूजा के हथियार पे लिखेंगे?" पहिल्याने जीभ चावली.

दुसऱ्याने कान पकडले. कप्तान म्हणाला, "परसों फायनल है भैया, आज पाप मत करवाओ."

"मेरे शर्ट पे करो! हात पे करो!" भुजंग रडवेला होऊन पाठ वळवून उभा राहिला. पण प्रत्येकाच्या ओंजळीत प्रसाद होता, बोटं साखरेने चिकट झाली होती, आणि दगडाबाई रांग तुंबू देत नव्हती. "चला, फुडं व्हा. तू बी ये रे, लांबड्या."

सिग्नल पडला. सगळे चढले. चेंगप्पा मागे राहिला. "माँजी, ये स्टिक हमें दोगे? फायनल में बेंच के पास रखेंगे."

भुजंगच्या तोंडून शब्द फुटायच्या आत दगडाबाईने ती त्याच्या हातात दिली. "न्या बाबा. आमच्यात कोन खेळायलंय?"

चेंगप्पाने मग भुजंगच्या हातातून मार्कर घेतला. भुजंगने शर्टाची बाही ताणून धरली. एक तरी! पण चेंगप्पाने तो दगडाबाईपुढे धरला.

"आपने पूजा की है, आपका हाथ चलेगा. आशीर्वाद समझ के दस्तखत कर दो."

दगडाबाईने पदराने तेल पुसलं आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गिरवलेली अक्षरं एकेक करून काढली. गाडीने भोंगा दिला, तरी तिने शेवटची 'ई' घाई न करता पुरी केली. दारात, खिडकीत सतरा जणांनी टाळ्या वाजवल्या. चेंगप्पा धावत चढला. गाडी, संघ, स्टिक आणि मार्कर असं सगळंच निघून गेलं. भुजंगच्या मुठीत तेवढं मार्करचं टोपण राहिलं.

दगडाबाईने ताटातलं सांडलेलं कुंकू बोटाने सारखं केलं आणि लेकाकडे बघितलं.

"चल आता घरी. अन् काय रे, तुला सह्या घ्यायच्या व्हत्या ना? झाल्या का घेऊन?"