पाकिटावरची सौ.

आमच्या गावात आमंत्रणाच्या पाकिटावर ज्याचा उल्लेख असतो, ते माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पत्त्यावर हजर होतं. ज्यांच्या घरी ते आधीपासूनच असतं त्यांना याचा काहीच त्रास नाही. 'श्री. व सौ.' लिहिलेलं पाकीट आलं, सौ. स्वयंपाकघरात असल्या, विषय संपला. पंचाईत होते ती माझ्यासारख्यांची.

मी जयवंत दळी, वय बेचाळीस. बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी दापोलीच्या एस.टी.त बसतो, त्यामुळे माझी बायको नोकरीनिमित्त दापोलीला असते असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. दापोलीला हेमराज असतो. तो कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवतो आणि गेली नऊ वर्षं आम्ही एकमेकांचे जोडीदार आहोत. हे मी कोणापासून लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दारात निळ्या काठाची साडी नेसलेली, चाळिशीची एक बाई उभी होती. हातात वायरची पिशवी.

"दळींचं घर ना? मी सौ."

"कोणाच्या?"

"तुमच्याच. पाकिटावरची."

मी टेबलावरचं पाकीट पाहिलं. वाळिंब्यांच्या मुलीचं लग्न. 'श्री. व सौ. जयवंत दळी' असं त्यावर मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. अक्षर अर्थातच कर्णिक बाईंचं. गावातलं कुठलंही लग्न असो, पाकिटं बाईच लिहितात. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. मला पहिला चष्मा लागला तेव्हा वर्गात हसणाऱ्या पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं. त्यांच्याबद्दल मनात वेडंवाकडं काही आणणं मला शक्य नव्हतं. मी सौ.ना आत घेतलं आणि चहा टाकला.

माणूस म्हणून त्या चांगल्या होत्या. दोन दिवसांत त्यांनी मसाल्याचे डबे लावले आणि पेपरातलं शब्दकोडं माझ्याआधी सोडवायला सुरुवात केली, याचा मला थोडा राग आला.

"तुमचं आणि हेमराजांचं मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर फोटो आहे ना, तुम्ही त्यांच्या ताटातला पापड खाताय तो. असा दुसऱ्याच्या ताटातला पापड कोणी उगाच खात नाही."

"मग तुम्ही जात का नाही?"

"मला लिहिलंय. मी कुठे जाणार? आणि मलाही कुठे बरं वाटतंय? नाव नाही, माहेर नाही. शेजारच्या बाई नाव विचारतात, मी सौ. म्हणते, तर त्या म्हणतात, अगोबाई, किती लाजतेस."

संध्याकाळी हेमराजचा फोन आला. त्याची बदली झाली होती, आमच्याच गावातल्या कॉलेजात. नऊ वर्षं आम्ही ज्याची वाट पाहिली ते एक तारखेला घडणार होतं. मी त्याला सौ.बद्दल सांगितलं.

"एक तारखेला मी दोन ट्रंका घेऊन येतोय," तो म्हणाला. "तुझ्या घरात बायको असेल, तर मी तिथे पाहुणा होणार. पाहुणा म्हणून राहायला मी येणार नाही, जयवंत. ट्रंका उतरवायच्या आतच मी कॉलेजच्या क्वार्टरला जाईन."

तो असा कधी बोलत नाही. तारीख होती एकोणीस.

नगरपरिषदेत पाकीट विभाग आहे, खिडकी क्रमांक सहा. तिथे तांबट नावाचे लिपिक बसतात. त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि नियमांचा कागद पुढे सरकवला.

"ज्याने पाकीट लिहिलं त्याने स्वतःच्या हाताने ते इथे येऊन खोडायचं. त्याआधी तुम्ही त्यांना खुलासा करायचा. खुलासा बोलता बोलता झालेला असावा. समोरच्याला बसवून घेऊन, घसा खाकरून, पाणी मागून केलेला खुलासा ग्राह्य धरला जात नाही."

"का?"

"बसवून सांगितलं की समोरचा माणूस धीर देतो. धीर दिला की त्यालाच वाटायला लागतं, तुम्हाला काहीतरी झालंय. मग तो खोडत नाही, नवस बोलतो. आमच्याकडे अशी अठरा प्रकरणं पडून आहेत."

मला हे सोपं वाटलं. बोलता बोलता तर सांगायचं. दुसऱ्याच दिवशी कर्णिक बाई काचा बदलायला दुकानात आल्या. मी शटर अर्धं खाली ओढलं, त्यांना खुर्ची दिली आणि म्हणालो, "बाई, मनाची तयारी करा."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "काचबिंदू आहे का रे?"

"नाही," मी म्हणालो. "नंबर पाव पॉइंटने वाढलाय."

तांबटांनी प्रकरण बाद केलं. शटरचा उल्लेख ऐकून त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या वेळी मी रस्त्यात गाठून म्हणालो, "बाई, एक तारखेला माझा मित्र हेमराज राहायला येतोय." बाई म्हणाल्या, "वा, सौ.ना चालणार आहे ना? नाहीतर त्यांच्यावर कामाचा भार." मी हो म्हणालो. भाजीवाला मध्येच विचारत होता की कोथिंबीर किती देऊ, आणि मी कोथिंबीर घेऊन घरी आलो. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. गावाने काय म्हणायचं ते म्हणावं. पण बाईंनी मला पाहून पदर सावरला असता आणि बोलणं बदललं असतं, तर ते मला सोसलं नसतं.

"'मित्र' शब्दाने खुलासा होत नाही," तांबट म्हणाले. "कलम चार. 'खास मित्र'नेही होत नाही, लोक पत्त्यांचा अड्डा समजतात."

सत्तावीस तारीख उजाडली. हंसाताईंच्या चष्म्याची काडी बसवून मी तो द्यायला बाईंच्या घरी गेलो. बाई आणि हंसाताई कायम एकत्र राहत आलेल्या. घरात आणखी एक अबोल बाई असते. मी तिघींना बहिणी समजत होतो. त्या दिवशी ती अबोल बाई खिडकीशी बसून भेंडी चिरत होती. मी पार थकलो होतो आणि खुलासा वगैरे डोक्यात नव्हता.

"जेवूनच जा," बाई म्हणाल्या.

"नको. पण भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करता ते सांगा. हेमराजला चिकट चालत नाही. नऊ वर्षं आमचा शनिवार-रविवारचाच संसार होता, तेव्हा बाहेर जेवून भागायचं. आता रोजची भाजी करायची म्हणजे शिकायलाच हवं."

"दोन चमचे ताक घाल," बाई म्हणाल्या. "हंसालाही चिकट चालत नाही. चव्वेचाळीस वर्षं मी ताक घालतेय."

मी हंसाताईंच्या कानावर काडी नीट बसते का ते तपासत होतो. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो, आणि त्याच्या पाठोपाठ बाई काय बोलल्या. हंसाताई चष्म्यातून माझ्याकडे पाहत होत्या.

"मग ती सौ. कुठली?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या अक्षरातली."

बाई खाली बसल्या. "चारशे पाकिटं होती रे. हात चालतच गेला. दुसऱ्या कोणाला नाही, तरी मला कळायला हवं होतं. चुकलंच माझं."

"असू द्या, बाई."

"असू द्या कसं? आणि तूही काही शहाणा नाहीस. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या दुकानाचं उद्घाटन झालं, तेव्हा पाकीट तू स्वतः लिहिलंस. 'कर्णिक बाई व भगिनी.' तुझं गिचमिड अक्षर मी ओळखत नाही होय?" त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "ती बघ तुझी भगिनी. अकरा वर्षं मधल्या खोलीत झोपते."

अबोल बाईने मान वर करून नमस्कार केला. मीही केला.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा म्हटलं, हंसा आणि मी तरुणपणापासून एकमेकींच्या आहोत. तू म्हणालास, बहिणींचं असं प्रेम हल्ली बघायला मिळत नाही."

हंसाताई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला इतकी लाज वाटली की मी उरलेली भेंडी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दोन पाकिटं घेऊन सहा नंबरच्या खिडकीवर गेलो.

"खुलाशानंतर लगेच कोणता विषय निघाला?" तांबटांनी बाईंना विचारलं.

"ताक."

"ग्राह्य." ते माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या बाबतीत?"

"भेंडी."

"तेही ग्राह्य. मात्र तुमच्याकडून अकरा वर्षं उशीर झालाय, याची नोंद घेतो."

बाईंनी पट्टी ठेवून 'व सौ.' खोडलं. मी 'व भगिनी' खोडलं, तर बाई म्हणाल्या, रेघ सरळ मार.

संध्याकाळच्या आत सौ. आणि भगिनी दोघींना निघायचं होतं. आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. हंसाताईंनी भगिनीला डबा दिला आणि त्या रडल्या. अकरा वर्षं एका घरात काढली की माणसाची सवय होतेच. सौ.नी मला त्या दिवशीचं शब्दकोडं परत केलं. आडवे शब्द त्यांनी माझ्यासाठी सोडले होते. खिडकीशी कोणी बसायचं यावरून दोघींची थोडी बोलाचाली झाली, मग गाडी सुटली.

एक तारखेला हेमराज आला. दार मी उघडलं. त्याने माझ्या खांद्यावरून घरात पाहिलं, मग एक ट्रंक माझ्या हातात दिली. ती इतकी जड होती की त्यात मातीचे नमुने आहेत हे मी न उघडताच ओळखलं. "उंबऱ्यात का उभा आहेस?" मी म्हणालो. "घर तुझंच आहे." त्याचे डोळे भरून आले. माझेही आले.

शनिवारी आम्ही चहाला चार माणसं बोलवायचं ठरवलं. बाईंचं पाकीट मीच लिहिलं. हळूहळू, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, 'कर्णिक बाई व हंसाताई' असं लिहिलं आणि दोन गल्ल्या ओलांडून हातोहात नेऊन दिलं. बाईंनी ते लांब धरून तपासलं आणि 'ह'चं पोट बिघडलंय म्हणाल्या. हंसाताईंनी पाकीट त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा पुन्हा वाचलं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं.

"पाकिटावर माझं नाव पहिल्यांदाच आलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात कोणीही आलं नाही. हंसाताई घरातच होत्या.